बेदरचा विठू आणि बेथलेहेमचे बाळ

नाताळ उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे. ख्रिस्ती बांधवांच्या पडव्यांतून कागदी नक्षत्रे लटकू लागली आहेत, अंगणांत गवताने शाकारलेले गोठे उभे राहत आहेत आणि किनाऱ्यावरील हॉटेलांत खोली मिळणे मुष्किलीचे झाले आहे. दोन-चार दिवसांत शेजारघरचे ताट येईल. त्यात दोदोल असेल, बिबिंक असेल आणि चतुर्थीला आपण धाडलेल्या नेवऱ्यांची आठवण ठेवून आलेल्या नेवऱ्याही असतील. हा सण आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो कशाचा सण आहे हे विचारण्याची गरज आपल्याला वाटेनाशी झाली. उरलेसुरले काम पर्यटनाच्या जाहिरातींनी केले. त्यांच्या लेखी नाताळ म्हणजे डिसेंबरचा शेवटचा आठवडा, वाद्यांचा कल्लोळ, मद्य आणि विमानाची तिकिटे.

न विचारण्याचे आणखी एक कारण आहे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सोळाव्या शतकात या भूमीवर ख्रिस्ती धर्म आला तो राजसत्तेचा हात धरून आला. साष्टीतील देवळे मोडली गेली. मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा यांना भाविकांनी उराशी धरून नदीपार अंत्रुजात नेले. इन्क्विझिशनचे न्यायासन मधली थोडी वर्षे वगळता १५६० पासून १८१२ पर्यंत येथे बसले होते. हा इतिहास ज्यांच्या कुळांनी सोसला, त्यांनी शेजाऱ्याचा सण प्रेमाने गोड करून घेतला, परंतु त्याच्या गाभाऱ्यात डोकावण्याचे टाळले, यात नवल नाही. गोड ताट स्वीकारणे सोपे असते. ज्या कथेच्या नावाने आपल्या पूर्वजांना घरदार सोडावे लागले ती कथा शांतपणे ऐकून घेणे कठीण.

म्हणूनच आज ही कथा ऐकण्यासाठी वाचकांना आम्ही जरा दूर नेणार आहोत. सह्याद्री ओलांडून, भीमेच्या काठाने, कलबुर्गी आणि बीदर या सरहद्दीवरील जिल्ह्यांत. हा प्रदेश आमच्या वाचकांना परका नाही. गाणगापूरची वाट गोमंतकातील व कोकणातील किती घरांच्या पायांखालची आहे, हे सांगावयास नकोच. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले, जहिराबाद तेलुगू मुलखात गेले आणि उरलेला भाग म्हैसूर राज्यात राहिला. परंतु भालकी-औरादच्या बाजारात आजही मराठी ऐकू येते. या मुलखातही ख्रिस्ती लोक आहेत आणि ते बहुतांशी मेथडिस्ट पंथाचे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट मिशनऱ्यांनी येथे काम आरंभले तेव्हा राज्य निजामाचे होते. तेथे देवळे पाडणारा व्हाइसरॉय नव्हता आणि धर्म न बदलणाऱ्यास हद्दपार करणारे फर्मानही नव्हते. जी कथा आमच्या पूर्वजांना तलवारीच्या सावलीत ऐकावी लागली, ती तेथे गावकुसाबाहेरच्या वस्तीत, सत्तेविना सांगितली गेली. तिचा मूळ स्वर कोणता, हे तेथे अधिक स्पष्ट ऐकू येते, अशी आमची समजूत आहे.

ती कथा अशी. रोमच्या बादशहाने खानेसुमारीचे फर्मान काढले. प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवावे, असा हुकूम होता. नासरेथचा योसेफ नावाचा एक सुतार, दिवस भरत आलेल्या मरियेला घेऊन बेथलेहेमच्या वाटेला लागला. गावात पोहोचेपर्यंत सराई भरून गेली होती. मूल जन्मले; त्याला कापडात गुंडाळून गव्हाणीत, म्हणजे गुरांच्या चाऱ्याच्या जागेत, निजविले. त्या रात्री शेजारच्या रानात मेंढपाळ जागत होते. गावात ज्यांना फारशी पत नव्हती, अशी ही माणसे. ही वार्ता राजवाड्याआधी, देवळाच्या पुरोहितांआधी त्यांना मिळाली. आणि बाळ ओळखण्याची जी खूण देवदूताने त्यांना सांगितली तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. मस्तकाभोवती तेज नाही, हातांत आयुधे नाहीत. कापडात गुंडाळलेले एक बाळ गव्हाणीत निजलेले आढळेल, एवढीच ती खूण. म्हणजे खूण कोणती, तर वेगळी अशी कोणतीच खूण नाही ही!

जन्माची तारीख या ग्रंथांत कोठेही दिलेली नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झालेला दिसतो, आणि तो दक्षिणायन संपण्याच्या सुमाराचा का निवडला यावर पंडितांचे वाद चालू आहेत. ते त्यांचे त्यांनी मिटवावेत. अंगणातल्या गोठ्याची प्रथा त्याहून पुष्कळ अलीकडची. इटलीतील ग्रेचो या गावी संत फ्रान्सिसने १२२३ साली खरा बैल, खरे गाढव आणि खरे गवत मांडून ती जन्मरात्र लोकांसमोर उभी केली, तेथपासून ती पसरली. स्वतः सर्वस्व टाकून भिक्षेवर राहणाऱ्या त्या माणसाला या कथेतील नेमके काय दाखवावेसे वाटले असेल, याची कल्पना गोठ्यावरील विजेच्या माळा पाहून येत नाही.

मराठी हिंदू मनाला ही कथा अनोळखी वाटण्याचे कारण नाही. एका बीदरचेच उदाहरण घ्यावे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे कामदार होते. दुष्काळात माणसे टाचा घासून मरू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे फोडून धान्य वाटून टाकले. बादशहाच्या कानी ही गोष्ट गेली आणि पंतांना धरून आणण्यासाठी शिपाई निघाले. पंत वाटेत पंढरीला विठोबाचे अखेरचे दर्शन घेत होते, तोच इकडे बेदरच्या दरबारात खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला एक महार उभा राहिला. आपण पंतांचा विठू महार, असे त्याने सांगितले, धान्याचे सारे मोल मोजून दिले आणि पावती घेऊन तो निघून गेला. महिपतीने ही कथा भक्तिविजयात गायिली आणि कीर्तनकारांनी ती घरोघर पोहोचविली. आपण ती लहानपणापासून ऐकत आलो, डोळे पुसत आलो. पण विठोबा बेदरला कोणत्या रूपाने गेला, याचा विचार किती श्रोत्यांनी केला? त्याला ब्राह्मणाचे रूप घेता आले असते, सावकाराचे घेता आले असते. पैसे भरावयास जाणाऱ्याला तेच शोभले असते. त्याने गावाबाहेरच्या माणसाचे रूप घेतले. बेदरची नाती येथेच संपत नाहीत. महारांच्या बावन्न हक्कांची सनद बेदरच्याच बादशहाने दिली, असे परंपरा सांगते.

बेदरचा विठू आणि बेथलेहेमचे बाळ एकच, असे आम्ही म्हणत नाही. असे चटकन म्हणून टाकण्याची एक सवय आपल्याकडे आहे. सर्व धर्म एकच, असे म्हटले की कोणत्याच धर्माचे नीट ऐकावे लागत नाही. या दोन कथांत मोठे अंतर आहे. विठू महार घटकाभर आला, काम उरकले आणि अंतर्धान पावला. भोगावयाचे ते त्याला भोगावे लागले नाही. आपल्या देवांच्या बाळरूपांतही त्यांचे देवपण लपत नाही. कृष्ण कारागृहात जन्मला खरा, पण बेड्या गळून पडल्या, पहारेकरी निजले, यमुनेने वाट दिली. बेथलेहेमात बेड्या गळून पडत नाहीत. कंसासारखाच तेथेही हेरोद आहे, बालहत्या आहे. परंतु यमुना दुभंगत नाही. बाप मध्यरात्री उठतो, आई-बाळाला घेऊन परमुलखात, मिसर देशात पळून जातो. ख्रिस्ती श्रद्धेचा मर्मबिंदू येथे आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने जे सांगितले त्याचा भावार्थ असा, की ईश्वराने आपले ईश्वरपण उतरवून ठेवले आणि दासाचे जिणे पत्करले. सोंग म्हणून नव्हे, तर शेवटपर्यंत, वधस्तंभावरील मरणापर्यंत. त्यांच्या मते गव्हाण हा त्या उतरण्याचा पहिला मुक्काम आहे. ही श्रद्धा कोणास पटो वा न पटो, नाताळ तिचा आहे.

आणि ज्यांचे देव एका रात्रीत नदीपार गेले, त्या आम्हा लोकांना परागंदा झालेल्या देवाची कथा कळू नये, हे विपरीतच म्हणावयाचे. ज्यांनी ते देव घालविले ते स्वतः मिसर देशी पळालेल्या एका बाळाचे भक्त म्हणवीत होते, हा इतिहासाचा क्रूर विनोद त्यांना उमगला नाही. आज चार शतकांनंतर आपल्याला तो उमगावयास हरकत नसावी. येथल्या भूमीत ही कथा मराठीतही सांगितली गेली आहे. पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले. ओवीच्या वळणाने चालणारा तो ग्रंथ ज्ञानेश्वर-एकनाथांच्या मराठीचे ऋण अंगावर वागवतो. राज्य तलवार चालवीत असता एक परदेशी माणूस मराठी ओवी घोटीत बसला होता, याचीही नोंद ठेवली पाहिजे.

पुन्हा बीदरकडे वळू. तेथे मेथडिस्टांचे ऐकले कोणी? प्रामुख्याने होलेय आणि मादिग, म्हणजे आपल्याकडील महार-मांगांच्या भाऊबंदांनी. दुष्काळात पोटासाठी धर्म सोडला, असे या लोकांविषयी सहज बोलले जाते. बोलणाऱ्याने थोडे थांबावे. दामाजीपंतांची कोठारे शतकातून एकदा उघडतात. एरवी उपाशी माणसाने दुसऱ्याच्या दारी भाकरी खाल्ली, तर त्यात लाज खाणाऱ्याला वाटावी की ज्याच्या दारातून तो विन्मुख परतला त्याला? शिवाय निव्वळ भाकरीसाठी धरलेला धर्म दुष्काळ सरताच सुटावयास हवा होता. तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. त्यांना धान्याबरोबर आणखी काही मिळाले असले पाहिजे. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्याला कोणीतरी सांगितले की देव जन्मला तो गावात जागा नाकारलेल्यांच्या ठिकाणी, गोठ्यात. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्या कानी ही वार्ता कशी पडली असेल, याची कल्पना देवळात बसून करणे अवघड आहे.

गाणगापूरच्या भक्तांना गुरुचरित्रातील एक प्रसंग आठवत असेल. बेदरच्या यवन राजाच्या दरबारातून, वेदविद्येचा गर्व झालेले दोन विद्वान श्रीनृसिंहसरस्वतींपुढे वाद घालण्यास आले. गुरूंनी वाटेवरून चाललेल्या एका अंत्यजाला बोलाविले, भूमीवर सात रेषा ओढविल्या आणि एकेक रेषा ओलांडावयास सांगितले. रेषेगणिक त्याला पूर्वजन्म आठवू लागले आणि अखेर तो वेद म्हणू लागला. विद्वानांचा गर्व उतरला. मराठी भक्तिवाङ्मयातील हा एक अत्यंत तेजस्वी क्षण आहे. परंतु कथा तेथे थांबत नाही. त्या माणसाला आता परत जावयाचे नसते. गुरू त्याला परत धाडतात. त्याच्या अंगावरची विभूती धुवून टाकली जाते आणि सारे विस्मरून तो आपल्या वस्तीत जातो. त्या काळच्या समाजाला याहून पुढचे पाऊल झेपले नसते, असे म्हणता येईल आणि ते खरेही असेल. सातवी रेषा ओलांडलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र त्या मुलखात चार शतके तसाच पडून राहिला होता. बाराव्या शतकात बसवकल्याणला, याच बीदर जिल्ह्यात, बसवेश्वरांनी तो सोडविण्याचा यत्न केला. हरळय्या या चांभाराचा मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मणाची मुलगी यांचा विवाह शरणांनी लावला आणि दोन्ही बापांना त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागली, असे परंपरा सांगते.

चर्चमध्ये गेल्याने प्रश्न सुटला, असेही समजू नये. गोव्यातील ख्रिस्ती घरांत बामण, चाड्डी, सुदीर हे शब्द लग्न ठरविताना कसे बाहेर येतात, ते आमच्या वाचकांना ठाऊक आहे. आणि सरकारनेही एक चमत्कारिक रेषा ओढून ठेवली आहे. १९५० च्या आदेशान्वये अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता राखला गेला. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यात घेतले गेले. ख्रिस्ती झालेला मादिग मात्र त्याबाहेर राहिला. त्याची वस्ती तीच, काम तेच, गावाचे वागणे तेच. या प्रश्नासाठी २०२२ साली न्यायमूर्ती बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला, यावरून त्याची गुंतागुंत ध्यानी यावी.

हा विषय निघाला की दोन्हीकडचे आवाज चढतात. तेव्हा हुमनाबादजवळच्या माणिकनगराची आठवण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. माणिकप्रभू लाडवंती येथे १८१७ सालच्या दत्तजयंतीला, २२ डिसेंबर रोजी, जन्मले. त्यांनी मराठी, कानडी, हिंदुस्थानी अशा भाषांतून पदे रचली आणि ज्या संप्रदायाची स्थापना केली त्याला सकलमत असे नाव दिले. कोणी आपले मत टाकून यावे, अशी त्यांची अट नव्हती. सर्व मते आपापल्या जागी खरी, असे ते मानीत. मुसलमान त्यांच्याकडे आपला म्हणून येत, लिंगायतही येत. १८६५ च्या मार्गशीर्षात त्यांनी समाधी घेतली. भगवंतांनी गीतेत आपली विभूती म्हणून सांगितलेल्या या महिन्यात माणिकनगराला दत्तजयंतीचा उत्सव भरतो, आणि पंचांग फिरता फिरता तो कधी नाताळाच्या अगदी अंगाला येऊन भिडतो. २०१५ साली मार्गशीर्षी पौर्णिमा नेमकी २५ डिसेंबरला होती. २०२३ साली दत्तजयंती नाताळाच्या दुसऱ्या दिवशी आली. एकाच प्रदेशात, एकाच थंडीत, एकीकडे अनसूयेच्या अंगणात अतिथी म्हणून आलेले तीन देव दुधासाठी रडणारी बाळे होतात आणि दुसरीकडे गव्हाणीत बाळ रडते. दोन्हीकडे स्त्रिया पाळणा गातात.

नाताळचा अर्थ सांगावयाचा म्हणून आम्ही हे बीदरपुराण लावले असले, तरी तो मुलूख वाटतो तितका दूर नाही. डिसेंबरात तर तो आपल्या दाराशीच असतो. गोव्यातील इमारतींचे कॉंक्रीट कालविणारे हात मोठ्या संख्येने कलबुर्गी, बीदर, यादगीर, विजापूर या जिल्ह्यांतून आलेले आहेत. हंगामापूर्वी हॉटेलांची रंगरंगोटी त्यांनी केली, रस्त्यांचे खड्डे त्यांनी बुजविले. आपण त्यांना 'घाटी' म्हणतो. हिंदूही म्हणतात आणि ख्रिस्तीही म्हणतात, या एका बाबतीत आपल्यात पूर्ण एकमत आहे. त्यांचीही खानेसुमारी होते. पोलीस ठाण्यात भाडेकरू म्हणून नावे लिहिली जातात. त्यांचे मूळ गाव कोणते ते आपण विचारून घेतो. येथे कोठे निजतात ते विचारीत नाही. बहुतेक जण जी इमारत बांधीत असतात तिच्याच आडोशाला, पत्र्याच्या खोपटात निजतात. मुले तेथेच जन्मतात, तेथेच रांगतात.

गाणगापूरला एक रीत आहे. दत्तगुरू रोज मध्यान्ही तेथे भिक्षेला येतात, पण कोणत्या रूपाने ते कोणास कळत नाही, अशी श्रद्धा आहे. म्हणून यात्रेकरू जो समोर येईल त्याच्या झोळीत भाकरी घालतात आणि स्वतःही पाच घरी माधुकरी मागतात. आमचे वाचकही ही रीत तेथे श्रद्धेने पाळतात. परतीच्या प्रवासात ती घाट उतरताना कोठे गळून पडते, हे आम्हांस सांगता येत नाही.

आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली कायदा झाला, बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली झाला. त्या दुसऱ्या कायद्यात अशी तरतूद होती, की जेथे पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे मालकाने पाळणाघर चालवावे. पुढे कायदे जाऊन संहिता आल्या. पन्नासाचा आकडा राहिला. आपल्याकडील बहुतेक कामांवर एवढी माणसे नसतात; कंत्राटे तुकड्यातुकड्यांनी दिलेली असतात, तेव्हा हजेरीपटावर पन्नास भरतच नाहीत. तरतुदीचा भंग होत नाही आणि पाळणाही बांधावा लागत नाही. पंचायतींनी आपल्या हद्दीतील कामांवरील सहा वर्षांखालील मुलांची एकत्र मोजणी करावी आणि पाच-सहा कामांमिळून एक पाळणाघर, तेथे एक बाई व दूध, एवढी अट बांधकामाच्या परवान्यातच घालावी, अशी आमची सूचना आहे. त्याला नवा कायदा लागत नाही. तूर्त त्या बाया करतात ते असे, की आईचे जुने लुगडे दोन खांबांना बांधून झोळी करतात, मूल तीत घालतात आणि घमेले डोक्यावर घेऊन वर चढतात. खाली थोरली पोर झोळीला झोका देत बसते.